म्यानात ठेवलेली सुरी दर पावसाळ्यात का गंजते?

जुलै उजाडला की हीच तक्रार नव्याने ऐकू येते. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेली सुरी, तिला मनापासून शिवलेलं जाड चामड्याचं म्यान. उन्हाळाभर पातं चकचकीत. पावसाळी भटकंतीहून आल्यावर सुरी म्यानासकट खुंटीला लागते आणि आठवड्याने बाहेर काढावी तर पात्यावर तांबूस थर, टोकाशी काळे ठिपके. घासायचं, तेल लावायचं, परत म्यानात सारायचं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी दोष पोलादाला नाहीतर लोहाराला दिला जातो. "पाणी नीट बसलं नाही", "पाटा हलका होता". पण पाणी दिल्याने, म्हणजे तापलेलं पातं विझवल्याने, पात्याला कठीणपणा येतो, गंज रोखण्याची ताकद येत नाही. पोलाद गंजरोधक व्हायला साधारण 10.5 टक्क्यांहून जास्त क्रोमियम लागतं. गाड्यांच्या पाट्यांत ते एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, बेअरिंगच्या ईएन 31 पोलादात दीड टक्का, जुन्या कानशीत तर नावालाच. ही सगळी पोलादं ओल मिळाली की गंजणार, मग ती कितीही निगुतीने घडवलेली असोत. ती ओल कुठून मिळते हे शोधायला हवं, आणि मी पाहिलेल्या बहुतेक सुऱ्यांना ती म्यानातूनच मिळत होती. म्यान सुधारलं आणि सुरी ठेवायची सवय बदलली की तेच पातं वर्षानुवर्षं टिकतं.

कोकणात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माणसं भर पावसात दिवसभर राबतात. आकडी लाकडाची आणि उघडी, पातं पाठीमागे मोकळं लोंबतं. तो कोयता सरी अंगावर घेतो, तरी म्यानातल्या सुरीइतका खराब होत नाही, कारण पाऊस थांबला की वारा त्याला सुकवतो आणि रोजच्या कामात तो घासलाही जातो. जाड चामड्यात बंद केलेल्या पात्याला यातलं काहीच मिळत नाही.

आधी गंज कुठे आहे ते बघा

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी पातं उजेडात धरून नीट पाहा. घासून टाकलंत की कारण शोधायचा पुरावाच जातो.

टोकापासून अर्ध्या-पाऊण इंचात दोन्ही बाजूंना काळे, खोल ठिपके असतील तर म्यानाच्या बुडाशी पाणी साठतंय. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. ओल्या पात्यावरचं पाणी ओघळून खाली जातं, तळाच्या टाक्यांपाशी अडकतं आणि वरचं चामडं कोरडं वाटत असताना तळ आठवडाभर ओला राहतो. यावर इलाज सोपा आहे. म्यानाच्या तळाशी, टाक्यांच्या आतल्या बाजूला 3 ते 4 मिलिमीटरचं भोक पाडा. आरीने टोचलेलं भोक चालत नाही, ते फुगून बंद होतं. पंचाने चामड्याचा गोल तुकडा काढूनच टाकायचा. तयार म्यानालाही हे करता येतं.

गंजाची रेघ फक्त धारेच्या कडेने असेल तर संशय मधल्या पट्टीवर घ्या. धार टाक्यांना कापू नये म्हणून दोन थरांच्या मध्ये आपण चामड्याची जी पट्टी घालतो, ती गोंदाने माखलेली असते आणि तिथवर हवा पोचत नाही. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद वापरला असेल तर तो सुकताना आणि नंतरही काही काळ ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतो. पोलादाला ती बाधते. चपला बनवणारे वापरतात ते सोल्युशन त्या मानाने बरं, पण तेही चिकटवल्यावर म्यान दोन दिवस तोंड उघडं ठेवून वारं लागेल असं ठेवावं.

पात्याच्या सपाट भागावर सगळीकडे सारखा तांबूस थर म्हणजे म्यानच मुळात ओलं किंवा आम्लट आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

बोटांच्या ठशांसारखे वेडेवाकडे डाग घामाचे. रिवेट किंवा पितळी बटण जिथे पात्याला टेकतं नेमक्या त्याच जागी खड्डा पडला असेल तर दोन धातूंचा मामला आहे: पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली की लोखंडाचा बळी जातो. असलं रिवेट काढून पात्याच्या वाटेबाहेर लावा, नाहीतर आतून पातळ चामड्याची चकती चिकटवा.

मुठीच्या अगदी सुरुवातीला, लाकूड आणि पोलाद मिळतात त्या फटीतून तांबडं पाणी येत असेल तर म्यान निर्दोष आहे. मुठीच्या फळ्यांखाली पाणी शिरलंय. वरून तेल चोळून ते बरं होत नाही. फळ्या काढायच्या, पोलाद स्वच्छ करायचं आणि इपॉक्सीने पुन्हा बसवायच्या. बाभूळ किंवा खैराची मूठ असेल तर सांध्यापाशी निळसर काळा डाग पडतो. या लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, आणि त्याचा ओल्या लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग धरतो. दिसायला वाईट, पण पात्याला धोका नाही.

आणि पातं नुसतंच राखाडी, निळसर किंवा काळपट झालं असेल, बोट फिरवल्यावर बोटाला तांबडं लागत नसेल, तर घासू नका. कैऱ्या किंवा केळफूल चिरणाऱ्या जुन्या विळीवर येतो तोच हा रंग. तो थर पात्याला थोडंफार जपतो. चकचकीतपणाच्या हट्टापायी लोक तो दर महिन्याला काढून टाकतात आणि उघडं पडलेलं पोलाद पुन्हा गंजायला मोकळं करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चामडं कशावर कमावलंय?

बाजारात मिळणारं बरंचसं चामडं क्रोमवर कमावलेलं असतं. बॅगा आणि जॅकिटांसाठी ते उत्तम, मऊ आणि पाण्याला टिकणारं. पण त्या प्रक्रियेत गंधकाम्ल, मीठ आणि क्रोमियमचे क्षार वापरतात आणि धुऊनही त्यांचा अंश आत राहू शकतो. ओल आली की हा अंश पात्यापर्यंत पोचतो. शिवाय असं चामडं पाण्यात भिजवून सुरीच्या आकारावर नीट बसतही नाही, त्यामुळे म्यान ढिलं होतं.

म्यानाला झाडांच्या सालीवर कमावलेलं चामडं घ्यावं. कोल्हापुरी चपलेसाठी पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं तसं. साधारण 3 ते 3.5 मिलिमीटर जाडीचं पुरतं.

दुकानदाराला ठाऊक नसेल तर घरी दोन परीक्षा करा. एक छोटा तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. सालीवर कमावलेलं चामडं आकसून वाकडं होतं आणि सुकल्यावर कडक बनतं, तर क्रोमचं जवळजवळ होतं तसंच राहतं. दुसरा तुकडा ओला करून त्यावर घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा रात्रभर ठेवा. सकाळी खिळ्याखाली निळसर काळा डाग दिसला तर टॅनिन आहे, म्हणजे सालीवरचं चामडं. काही जण जाळून राख बघायला सांगतात, पण क्रोमचं चामडं जाळण्याचा धूर अंगावर घेऊ नये, आणि वरच्या दोन परीक्षांनी काम भागतं.

पण सालीवरचं चामडं आणलं म्हणजे निश्चिंत झालो असंही समजू नका. तेही आम्लधर्मीच असतं. कोरडं असेपर्यंत त्याचा त्रास नाही, ओलं झालं की आहे. त्यातही म्यान काळं करण्यासाठी व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून केलेला रंग वापरला असेल तर आम्ल आणखी वाढतं. हा रंग सुंदर येतो, पक्का असतो, मलाही आवडतो. फक्त रंगवून झाल्यावर म्यान खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने (लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे) पुसून मग साध्या पाण्याने धुवायला हवं. ही पायरी गाळलेल्या म्यानात पातं कितीही तेल लावून ठेवलं तरी तांबूस होतं.

मीठ आणि पावसाळी हवा

कोरड्या हवेत महिनोन्महिने न गंजलेली सुरी पावसाळ्यात आठवड्यात का गंजते? हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचं गंजणं वेग घेतं, हे एक कारण. दुसरं कारण मिठाचं. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ते यामुळेच. आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वर अशा ठिकाणी पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस याहून दमट असते. घामट हाताने काढघाल केलेल्या सुरीवर आणि म्यानाच्या आतल्या खरखरीत पोटावर मिठाचा अंश असतोच. उन्हाळ्यात तो निपचित पडून राहतो, जुलैत पाणी धरतो. म्हणून सुरीवर पाऊस पडलाच नाही तरी गंज येतो, आणि लोक चक्रावतात.

समुद्राकाठी फिरणाऱ्यांना हा त्रास बाराही महिने असतो. म्यान समुद्राच्या पाण्यात बुडालं असेल तर नुसतं सुकवून उपयोग नाही, मीठ आतच राहतं. गोड्या पाण्यात तीन-चार वेळा, दर वेळी पाणी बदलून, खंगाळायचं आणि मग सावलीत सावकाश सुकवायचं.

नवं म्यान: खरंच सुकलंय का?

नव्या म्यानात गंज येण्याचं मुख्य कारण घाई. चामडं कोमट पाण्यात भिजवून, सुरी आत घालून, बोटांनी दाबून आकार देतात. त्या वेळी पातं प्लॅस्टिकच्या पातळ कागदात आणि वरून चिकटपट्टीत गुंडाळलेलं हवं, आणि आकार धरल्यावर, म्हणजे काही तासांत, सुरी बाहेर काढायला हवी. ती रात्रभर आत ठेवली तर प्लॅस्टिकच्या आत दमटपणा शिरतो. आकार बिघडेल अशी भीती असेल तर पात्याच्या मापाची लाकडी पट्टी तासून तीच आत ठेवा. सुरीपेक्षा केसभर जाड असली तर म्यान नंतर घट्टही होत नाही.

आता सुकण्याबद्दल. हाताला कोरडं लागतं म्हणजे सुकलं असं नाही. 3 मिलिमीटरचे दोन थर आणि मधली पट्टी मिळून जवळजवळ सेंटिमीटरभर जाडी होते, आणि तिच्या मध्यातली ओल बाहेर यायला वेळ लागतो. यावर मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. भिजवण्याआधी म्यानाचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. सुकायला ठेवल्यावर रोज एकदा वजन करा. आकडा पहिल्या वजनाजवळ येऊन दोन-तीन दिवस हलेनासा झाला की म्यान सुकलं. मार्च-एप्रिलमध्ये हे लवकर होतं. जुलैत पंख्याखाली ठेवूनही फार दिवस लागतात, म्हणून मी तर म्हणेन की म्यानं दिवाळीनंतर शिवावीत. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवून घाई करू नका. ओल्या चामड्याला उष्णता लागली की ते आकसतं, तडकतं, आणि ते पुन्हा सुधारता येत नाही.

दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोरा ओलीत कुजतो आणि पावसाळ्याच्या ऐन मध्यात टाके सुटतात.

पूर्ण सुकल्यावर बाहेरून मधमाशांचं मेण आणि तेल (एक भाग मेण, तीन भाग तेल, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलेलं) पातळ चोळा. फक्त बाहेरून. आतून मेण-तेल थापलं तर त्यात धूळ आणि बारीक रेती चिकटते, आणि प्रत्येक काढघालीत पात्यावर ओरखडे उठतात. त्या ओरखड्यांतच पुढे ओल धरते. याच कारणासाठी पातं 120 नंबरच्या पेपरवर सोडून देऊ नये. निदान 600 नंबरपर्यंत घासावं, शेवटचे हात मुठीकडून टोकाकडे. खरबरीत पात्याला पाणी चिकटून राहतं.

एक छोटीशी सूचना, जिच्याकडे दुर्लक्ष होतं: कानस मारायची जागा आणि चामडं शिवायची जागा वेगळी ठेवा. लोखंडाचा कीस ओल्या चामड्यावर पडला की काळे ठिपके उमटतात. ताजे असतील तर लिंबाच्या रसाने फिके होतात, पण रस मग धुऊन काढायला विसरू नका.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर लाकडी अस्तर

नेपाळी खुकुरीचं म्यान आतून लाकडाचं असतं, चामडं फक्त वरून. फिनलंडच्या पुक्को सुरीच्या म्यानात पात्याच्या भागात लाकडी गाभा बसवतात. आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या तलवारींची म्यानंही बहुतेक लाकडाची, वरून कातडं किंवा मखमल मढवलेली. ज्यांचं आयुष्य पात्यावर अवलंबून होतं त्यांनी पातं उघड्या चामड्यावर टेकू दिलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

घरी हे करणं अवघड नाही. चांगल्या मुरलेल्या सागाच्या दोन पातळ पट्ट्या घ्या, प्रत्येकीत पात्याच्या अर्ध्या जाडीची खाच कोरा, दोन्ही जोडून त्यावर चामडं ओढून शिवा. साग लोखंडाला बाधत नाही, जहाजबांधणीत त्याला एवढी किंमत होती त्यात या गुणाचाही वाटा होता. त्यात सिलिका असते म्हणून धार मात्र लाकडाला घासू देऊ नका, धारेच्या बाजूला खाच थोडी मोकळी ठेवा. तळाला भोक इथेही हवंच. बाभूळ आणि खैर अस्तरासाठी टाळा, त्यांतल्या टॅनिनमुळे ओल आली की पात्यावर काळे डाग पडतात.

गंजलेल्या पात्याचं काय करायचं

तांबूस थर नुसता वरवरचा असेल तर 800 नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा, पुरे. खड्डे पडले असतील तर त्यातली तांबडी भुकटी निघेपर्यंत घासा आणि थांबा. खड्ड्याचा तळ गाठण्यासाठी सगळं पातं झिजवू नका. धारेवरच खड्डा आला असेल तेव्हाच ती मागे घ्यावी लागते. मग साबणाने धुवून, पूर्ण कोरडं करून, कडक चहाच्या गार झालेल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पातं काही तास बुडवून ठेवा. काळसर थर येतो. धुवा, पुसा, तेल लावा.

तेल कोणतं, हा नेहमीचा प्रश्न. सुरीने फळं, भाजी, भाकरीसोबतचा कांदा चिरणार असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन सर्वांत चांगलं: खराब होत नाही, वास नाही, पोटात गेलं तरी अपाय नाही. खोबरेल तेलही चालतं, थंडीत थिजलं तरी काम करतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका, ते महिन्याभरात चिकट होतं. जवसाचं तेल मुठीच्या लाकडासाठी ठेवा. आणि तेल म्हणजे पातं ओलं दिसेल इतकं नाही, कापडाने पुसल्यावर राहील तेवढंच.

घरी आल्यावर क्रम असा: सुरी म्यानाबाहेर, पातं पुसून तेल, म्यान तोंड खाली करून पंख्याखाली. ठेवताना दोन्ही वेगवेगळी. पातं कोरड्या कपाटात किंवा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावं, म्यान बाहेर मोकळ्या हवेत. म्यानावर पांढरी बुरशी दिसली तर ती पुसून, सुकवून, मग पुन्हा पातळ मेण लावावं.

एवढं करूनही गंज येतोय आणि दोष म्यानाचा की हवेचा हे ठरत नसेल, तर दोन साधे लोखंडी खिळे घ्या, जस्ताचा मुलामा नसलेले. दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा. एक म्यानात टाका, दुसरा म्यानाशेजारीच दोऱ्याने टांगा. आठवड्याने बघा. दोन्ही सारखेच गंजले असतील तर खोलीतच ओल आहे, ठेवायची जागा बदला. टांगलेला बरा आणि आतला तांबडा असेल तर म्यान नापास. ते पुन्हा धुवून, सुकवून एकदा खिळा घालून पाहा. तरीही नापास झालं तर टाके उसवून चामडं सपाट करा आणि नव्या म्यानाच्या बेतणीसाठी त्याचा नमुना वापरा, कारण मापं तर त्याची बरोबरच आहेत.